गाव नसलेले स्टेशन

खेड्यातले स्टेशन ओस पडले की कारण आपण गावात शोधतो: बाजार उठला, रस्ता झाला, एसटी आली. बोरघाटात खंडाळ्याच्या अलीकडे असलेल्या रिव्हर्सिंग स्टेशनला हे लागू पडत नाही, कारण त्याला गावच नव्हते. नावातही गावाऐवजी काम आहे. मुंबईहून आलेली गाडी इथे शिरे तेव्हा पुढे रूळ संपलेले असत. मग इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने उरलेला चढ चढे. मला हे स्टेशन म्हणजे न खोदलेला बोगदा वाटतो.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला घाट प्रवासी पालखीतून किंवा पायी ओलांडत. जेम्स बर्कली यांनी आखलेला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. जवळपास सोळा मैलांत १८३१ फूट चढण, २५ बोगदे आणि सगळ्यात खडा चढ ३७ फुटांना एक फूट. ऐन भरात मजुरांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. पटकीने त्यांतले कितीतरी गेले. (घाटाची वाट दाखवणारा म्हणून लोककथा शिंगरोबा धनगराचे नाव सांगते. या मजुरांची नावे मात्र कुठल्याच कथेत नाहीत.) हातोडा, पहार आणि सुरुंगाच्या दारूने काळा पाषाण फोडायचा, तर टाळता येईल तो प्रत्येक बोगदा टाळणे हेच शहाणपण. अरुंद सोंडेवर गाडीला वळण घ्यायला जागा नव्हती, पण उलटे फिरायला होती.

ही निव्वळ तडजोड होती, तीही धोक्याची, असा आक्षेप घेता येईल. १८६९ मध्ये घाट उतरणारी मेलगाडी आवरली नाही आणि इथेच मोठा अपघात झाला, हे खरे. पण बेफाम गाडीचे मूळ उतारात आणि त्या काळच्या ब्रेकमध्ये होते. सलग मार्गावरही ती सुखरूप थांबली असती असे म्हणता येत नाही. शिवाय थळ घाटातही हीच युक्ती वापरली गेली, म्हणजे ती चूक नसून विचाराने केलेली निवड होती. तिची खरी मर्यादा लांबीची. बंद टोकात मावेल तेवढीच गाडी घाट चढणार. पुढे गाड्या लांबल्या, वजनदार झाल्या, आणि १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली. त्याच सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला गेला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी टाळलेले खोदकाम अखेर झाले, आणि गाड्यांना त्या सोंडेवर थांबायचे कारण उरले नाही.