डायलला हात लावू नका

अकोल्यात आमच्या दुकानात वडिलांच्या काळी एक मागणी रोज यायची : ‘मशीन साफ करा, अन् डायल नवी करून द्या.’ कापूस विकून पैसा हाती आला की घरात लग्नं निघायची. जावयाला घड्याळ द्यावंच लागे, आणि नवं जमत नसेल तर सासऱ्याच्या मनगटावरचंच चकचकीत करून दिलं जाई. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधनं आली होती. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली, तरी त्यांच्यासाठी लोक ताटकळत. तेव्हा जुनी वेस्ट एंड किंवा फेवर-ल्यूबा टिकवणं हाच आमचा धंदा. डायल मुंबईला जायची, जुना रंग खरवडला जायचा, नव्या छपाईसह परत यायची. त्यात लबाडी नव्हती. गिऱ्हाईकच तसं मागत होतं.

आता त्याच डायलमुळे भाव पडतो. मुंबईत रंगवलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. मला या नावाचा थोडा राग येतो, पण क्रोनोग्राफच्या, म्हणजे बटन दाबून वेळ मोजायच्या घड्याळांच्या, बाबतीत त्यांचं म्हणणं मान्य करावं लागतं. एचएमटीच्या जनता घड्याळाच्या डायलवर बारा खुणा आणि नाव, एवढंच. क्रोनोग्राफच्या डायलवर दोन-तीन छोट्या तबकड्या, त्यांत केसासारखी बारीक वर्तुळं, कडेला वेग मोजायची पट्टी. किलोमीटरला तीस सेकंद लागले की काटा थेट १२० वर यायला हवा. रंगाचा जाड थर बसला की ती वर्तुळं बुजतात, आणि पट्टीवरचे आकडे जरासे सरकले तरी भिंगाखाली लगेच कळतं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनची रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली. मालकाच्या नावाचा वाटा मोठा, पण त्या धाटणीची मूळ डायल असली की बिननावाच्या डेटोनालाही साध्या डायलवालीपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात.

आमच्या भागात असली घड्याळं कमीच. तरी वेळ मोजून खेळायची हौस वऱ्हाडात जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ ला मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवले, तेव्हा तिथल्या शर्यती ओमेगाच्या हाताने दाबायच्या घड्याळांवर मोजल्या जात होत्या.

मध्यंतरी अमरावतीहून एक गृहस्थ वडिलांचं घड्याळ घेऊन आले. ‘काका, वरचं बटन दाबलं का काटा पयते, पन मंग थांबतच नाई.’ मी झाकण उघडलं : लँडेरॉन ४८. या मशीनची रीतच तशी. वरचं बटन फक्त सुरू करतं. खालचं एकदा दाबलं की काटा थांबतो, पुन्हा दाबलं की शून्यावर येतो. बटनांत बिघाड काहीच नव्हता. आधीच्या कुणीतरी मात्र ते ‘दुरुस्त’ करायचा घाट घातला होता. खटक्याच्या स्क्रूचे माथे सोलून निघालेले. असला शहाणपणा घड्याळाला वर्षानुवर्षांच्या धुळीपेक्षा जास्त नडतो.

काट्यांवरचं रेडियम विझलेलं होतं, आणि तेच बरं. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, पण त्यासोबतचं चमकणारं रसायन काही दशकांतच थकतं. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं घड्याळ अंधारात लख्ख चमकत असेल, तर ती चमक नंतर कुणीतरी भरलेली. आणि विझलं म्हणून ते खरवडू नये. किरण निघतच असतात, भुकटी नाकात गेली तर वाईट.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तीन खुणा होत्या : प्रत्येकीत तारीख आणि कारागिराची सही. आमच्या धंद्यात ही जुनी पद्धत. सर्व्हिसिंग झालं की आत खूण करायची, म्हणजे पुढच्याला कळतं. मालकाला त्या पॉलिश करून घालवायच्या होत्या. मी नाही म्हणालो. त्याच खुणांवरून तर घड्याळ कोणकोणत्या वर्षी उघडलं गेलं ते कळतं, आणि खरेदीदार अशा पुराव्यालाही पैसे मोजतो.

झिजणारं ते बदलावं, हा माझा हिशोब. स्प्रिंग तुटली तर नवी घालावी, प्लॅस्टिकची काच तडकली तर बदलावी. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत तेल वाळतं, त्यात रुईचे तंतू चिकटतात. ते सारं धुऊन नवं तेल द्यावं. केस मात्र बफवर धरू नये. कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

त्या घड्याळाची काच आणि स्प्रिंग मी बदलली. निघालेले भाग कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून परत दिले. गृहस्थ म्हणाले, ‘हे कशाला?’ मी म्हटलं, विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिल्यांदा हेच विचारेल.