भाईंदर-वसई : एका खाडीचे अंतर

उल्हास नदी ठाण्याजवळ दोन फाट्यांत विभागली जाते. त्यांपैकी पश्चिमेकडे वळणारा फाटा घोडबंदरवरून वाहत जाऊन वसईच्या किल्ल्यापाशी समुद्रास मिळतो, आणि हीच वसईची खाडी साष्टी बेटाची, म्हणजे आजचे मीरा-भाईंदर ज्याच्या वायव्य टोकाशी वसले आहे त्या भूभागाची, उत्तर सीमा ठरते. दोन ठिकाणे सरळ रेषेने जोडली असता जे हवाई अंतर मिळते, ते भाईंदर आणि वसई यांच्या बाबतीत मोजक्या किलोमीटरांचेच आहे. मात्र ते ओलांडण्यास लागणारा वेळ भूगोलाइतकाच राज्यकर्त्यांनी आणि वाहनांनी ठरविला.

पोर्तुगीज अमलात, 1534 नंतर, खाडीचे दोन्ही काठ एकाच सत्तेकडे होते आणि पाणी ही अडचण नसून वाट होती. हे अंतर किती थोडे आहे हे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत दिसून आले : खाडीच्या मुखावर नजर ठेवणारे, आजच्या उत्तन-चौक परिसरातील धारावीचे ठाणे मराठ्यांनी घेतल्यावर वसईला समुद्रमार्गे मिळणाऱ्या मदतीस मोठा अडसर निर्माण झाला आणि मे 1739 मध्ये किल्ला शरण आला. पुढे 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी जिंकली, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहून वसई मराठ्यांना परत मिळाली, त्यामुळे तीच खाडी दोन राज्यांची सरहद्द बनली. पेशवाईच्या अखेरीपर्यंत भाईंदरचा माणूस होडीने पलीकडे उतरला, तर तो परक्या मुलखात पाऊल ठेवीत असे. मैलांच्या हिशेबात या अंतराची नोंद कोठेच होत नाही.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या रेल्वे कंपनीने खाडीवर पूल बांधून 1864 मध्ये मुंबई गुजरातशी जोडली, तेव्हा भरती-ओहोटीवर अवलंबून असलेला प्रवास प्रथमच वेळापत्रकात बसला, आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरार ते बॅकबे ही गाडी सुरू झाली. रस्त्याच्या प्रवाशास मात्र वरसाव्याच्या पुलापर्यंत पूर्वेकडे जाऊन पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागते, त्यामुळे समोर दिसणारी वसई सुमारे 38 किलोमीटर दूर पडते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने, म्हणजे ज्या बोटीवर वाहने थेट चढविता-उतरविता येतात अशा फेरीने, तोच पल्ला साडेतीन किलोमीटरांवर आणि साधारण पाव तासावर आणला. हे नवल म्हणून सांगितले गेले, पण वस्तुतः तो जुन्या जलमार्गाकडे परतण्याचाच प्रकार होय.

दोन रेल्वे पुलांच्या मधोमध असलेल्या पाणजू बेटाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 1867 च्या स्थानकांच्या यादीत भाईंदरचे नाव आढळत नाही, पण ‘पांजे’ आढळते. आज भाईंदरला लोकल थांबतात, आणि पाणजूवरून त्या न थांबता जातात, तर खाली राहणाऱ्या बेटकऱ्यांना नायगावच्या काठावर जाण्यासाठी होडीच धरावी लागते.