फुल इन्शुरन्स आणि अर्धी बॅटरी

वैरागात दुचाकीचा विमा लोक अपघाताला भिऊन काढत नाहीत, सोलापूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला भिऊन काढतात. विमे उतरवणं हाच माझा धंदा आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. आता बॅटरीवरच्या हळू चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांना पाटी नाही, पासिंग नाही, अडवणारा कुणी नाही. मग गिऱ्हाईक विचारतं, "कागद लागतच नाही, तर विमा कशाला?"

आमच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तेव्हा असा प्रश्नच कुणाला पडत नसे. ताशी भाडं, वहीत नाव आणि "कुणाचा रे तू?" एवढ्यावर सायकल मिळायची. रिम वाकली तर नेणारा भरून देई. बाजारात एखाद्या म्हातारीला धडक बसली तर चार माणसं पारावर बसून मिटवत. मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातली त्रयस्थाच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली, पण ती मोटारींना. बार्शीच्या अडतीवर माल नेणाऱ्या ट्रकला विमा लागे, सायकलीला नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं सायकलीवर कर बसवायची मुभा पंचायतींना दिली. म्हणजे सायकलीकडून पैसे घ्यायची सोय झाली, सायकलीखाली आलेल्याला द्यायची झाली नाही.

मग १९७२ उजाडलं. आमच्याकडं हे साल म्हणजे दुष्काळ, खडी फोडायची कामं आणि सुकडी. पण त्याच वर्षी नगरच्या फिरोदियांनी लूना बाजारात आणली आणि त्याच वर्षी संसदेनं सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. पुढं हातात पैसा आला तसे मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले लूना घेऊ लागले. तिला पायडल होतं, पेट्रोल संपलं तर मारत घरी जाता येई. दिसायला सायकल, पण कायद्यानं मोटार. पाटी लावा, पासिंग करा, विमा काढा. निवडायचं मात्र काही नव्हतं, कारण दर ठरलेले आणि चारही कंपन्यांत तेच.

तो विमा दुसऱ्यासाठी आहे, हे गावाला पटवणं अवघड होतं. "पैसे माझे आणि भरपाई त्याला?" हे मी अजून ऐकतो. १९८२ च्या दुरुस्तीनं चूक कुणाची ते सिद्ध न करताही मृताच्या वारसांना १५,००० रुपये मिळण्याची तरतूद झाली. तरीही शोरूमवाल्यानं पहिल्या वर्षी काढून दिलेला विमा हाच पुष्कळ गाड्यांचा शेवटचा विमा ठरे. हे काही फक्त वैरागचं नव्हतं. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागू लागली.

जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टीच्या दरांत विजेच्या दुचाकीला थोडी सूट आहे. तीन किलोवॉटपर्यंत वर्षाला ४५७ रुपये, तीन ते सातपर्यंत ६०७. पंचाहत्तर सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ५३८. गिऱ्हाईक या फरकावर खूश होतं, पण खरी मेख 'फुल'मध्ये, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत आहे. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या भरपाईतून निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापायची, असं ठरलं होतं. ते लिहिलं तेव्हा बॅटरी म्हणजे हॉर्न आणि दिव्याची. पुढं २००७ मध्ये दर मोकळे झाले, तरी साध्या पॉलिसीत ही ओळ राहिली. आता गाडीतला सगळ्यात महाग भागच बॅटरी. गाडी चोरीला गेली तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत मिळते. पण अपघातात बॅटरी फुटली आणि तिची किंमत समजा साठ हजार, तर तीस हजार तुमच्या खिशातून. म्हणून बॅटरी धरून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय आहे का, एवढं आधी विचारा. रंगाचं नंतर बघू. त्याच जुन्या टॅरिफमध्ये आगीबरोबर 'आपोआप पेट घेणे' हेही शब्द होते, ते आज उपयोगी पडतात. चार्जिंगला लावलेली गाडी पेटली तर त्यांचा आधार घेता येतो. मात्र नुसती विद्युत बिघाडानं बंद पडली तर साधी पॉलिसी हात वर करते.

राहिली हळू गाडी. मोटार पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत, तर नियमानं ती मोटार वाहनच नाही. पन्नास सीसीच्या लूनाला जे सुटलं नाही, ते हिला सुटलं. मला हे अर्धवट वाटतं. साठ किलोची गाडी आणि वर धान्याचं पोतं, पंचवीसच्या वेगानंही म्हातारीची मांडी मोडते. त्यात काही पोरं वायर बदलून वेग वाढवून घेतात. तसं केलं की ती कायद्यानं मोटार होते, तीही विना पासिंग, विना विमा. पहिल्यांदा सापडला तर दंड दोन हजार, आणि भरपाई वेगळी, ती घरच्या रानावर येऊ शकते.

हळू गाडीवाल्याला मी गाडीच्या पॉलिसीआधी बँकेत पाठवतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय अठरा ते सत्तर. त्यात मला कमिशन नाही.