न टिकणाऱ्या कणाचे वजन



गुळाची ढेप तोलायची म्हटली तर ती निदान काट्यावर ठेवीपर्यंत जागेवर राहते. व्यापाऱ्याने दांडी मारली, तरी ढेप समोर असते, ती पुन्हा तोलून मागता येते. आज ज्या वस्तूच्या वजनाची हकीकत मी सांगणार आहे, ती काट्यापर्यंत पोहोचण्याइतकी जगतच नाही. 'टॉप क्वार्क' हे तिचे नाव. तिचे आयुष्य सेकंदांत लिहायचे तर दशांशचिन्हापुढे २४ शून्ये मांडावीत आणि मग पाचाचा आकडा लिहावा!

शिक्षक मंडळी म्हणतील, वजन नव्हे, वस्तुमान म्हणा. बरोबर आहे. पण बोलताना तोंडात वजनच येते, तेवढे चालवून घ्यावे. मी इतिहास शिकवतो. पदार्थविज्ञानात मी परकाच. तरीही ही हकीकत मला ओढून घेते, कारण पुरावा म्हणजे काय आणि तो किती सांगतो, हा प्रश्न आम्हा इतिहासवाल्यांचाही आहे.

अणूच्या गाभ्यात प्रोटॉन असतो, हे मुलांना ठाऊक असते. त्याच्याही पोटात क्वार्क असतात. १९७३ साली कोबायाशी आणि मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की, क्वार्कांच्या जाती सहा असाव्यात. त्या वेळी माहीत होत्या तीन! चौथी १९७४ साली सापडली. पाचवी १९७७ साली लिऑन लेडरमन यांच्या तुकडीला अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत सापडली. ही पाचवी जात प्रोटॉनच्या सुमारे साडेचार पट जड. तिला जोडीदार असलाच पाहिजे, असे सर्वांना वाटू लागले. या शास्त्रात 'जीईव्ही' हे माप वापरतात; एक प्रोटॉन म्हणजे जवळजवळ एक जीईव्ही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

जोडीदार पंधरावीस जीईव्हीचा असेल, असा पुष्कळांचा अंदाज. जर्मनीत हँबुर्गला शोधले, नाही. जपानने मोठे यंत्र उभारले, तेथेही नाही. १९८४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एका तुकडीने चाळीसच्या आसपास तो दिसल्याचे जाहीर केले. पुढे अधिक नोंदी हाती आल्या, तेव्हा तो दुसऱ्याच घटनांचा भास ठरला. जाहीर केलेली गोष्ट मागे घ्यावी लागली. मला वाटते, या फजितीनेच पुढच्या लोकांना सबुरी शिकवली.

शिकागोच्या पश्चिमेला, पूर्वीच्या शेतजमिनीवर फर्मी प्रयोगशाळा उभी आहे. तेथे ६.३ किलोमीटर घेराच्या भुयारी रिंगणात प्रोटॉन एका बाजूने आणि प्रतिप्रोटॉन दुसऱ्या बाजूने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवून एकमेकांवर आदळवीत. यंत्राचे नाव टेव्हाट्रॉन. सुमारे हजार कोटी टकरींत एखादी टक्कर टॉप क्वार्कची जोडी देई. गवताच्या गंजीतली सुई त्या मानाने सोपी!

आता तोलायचे कसे, ते पाहा. टॉप क्वार्क फुटला की त्याचे दोन तुकडे होतात: एक ती पाचवी जात आणि दुसरा 'डब्ल्यू' नावाचा कण. हा डब्ल्यूही लगेच फुटतो. शेवटी हाती येतात ते कणांचे झोत, कधी एखादा इलेक्ट्रॉन. टकरीभोवती बसविलेल्या हजारो टनांच्या यंत्रात प्रत्येकाची दिशा आणि ऊर्जा नोंदली जाते. तुकड्यांची धाव हीदेखील मूळ कणाच्या वजनातूनच आलेली असते, हे आइन्स्टाइनने शिकविले आहे. म्हणून ऊर्जा आणि संवेग यांचा मेळ घातला की मेलेल्याचे वजन निघते.

पण त्यात एक चोर असतो. न्यूट्रिनो नावाचा कण यंत्रात कसलीच खूण न ठेवता निसटतो. त्याला पकडतात जमाखर्चाने. टकरीपूर्वी आडव्या दिशेने काहीच गती नव्हती. तेव्हा टकरीनंतर डावे-उजवे जुळलेच पाहिजे. जी तूट पडेल ती न्यूट्रिनोच्या नावे मांडायची. आणि काटाच खोटा असेल तर? त्यावरही तोड निघाली. डब्ल्यूचे वजन ८०.४ जीईव्ही हे इतरत्र पक्के मोजलेले. त्याच टकरींत डब्ल्यूचे दोन झोत मिळवून ८०.४ येते का ते पाहायचे. आपल्याकडे वजनमापांचा इन्स्पेक्टर प्रमाणित वजन ठेवून दुकानातला काटा तपासतो, तसेच हे!

१९९४ च्या एप्रिलमध्ये तेथील सीडीएफ तुकडीने १७४ चा आकडा दिला. पण 'शोध' म्हटले नाही, 'पुरावा' एवढेच म्हटले. २ मार्च १९९५ रोजी सीडीएफ आणि डी-झीरो या दोन तुकड्यांनी मिळून शोध जाहीर केला. एकीचा आकडा १७६, दुसरीचा १९९. चूक पहिलीची सुमारे १३ इकडेतिकडे, दुसरीची ३०. म्हणजे दोघींच्या बोलण्यात विरोध नव्हता. डी-झीरोच्या तुकडीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तसेच दिल्ली आणि पंजाब ही विद्यापीठे होती, हे आपण विसरू नये. एकच क्वार्क, आणि वजन जवळजवळ सोन्याच्या अख्ख्या अणूइतके!

ही 'इकडेतिकडे' लिहिण्याची रीत मला फार आवडते. आमच्या सनावळीच्या वादांत ती असती, तर कित्येक भांडणे पेटलीच नसती.

टेव्हाट्रॉन ३० सप्टेंबर २०११ रोजी बंद झाले. तोवर काम सर्नच्या २७ किलोमीटरच्या रिंगणाकडे आले होते. २०१४ साली दोन्हीकडच्या चार तुकड्यांनी एकत्र हिशेब केला: १७३.३४, चूक ०.७६. सर्नच्या दोन तुकड्यांनी आपली १५ मोजमापे जुळवून २०२४ साली छापलेला आकडा १७२.५२, चूक ०.३३. म्हणजे पाचशे किलोंच्या पोत्यांत किलोभराचा फरक.

एवढी घासाघीस कशासाठी, असे कोणी विचारील. २०१२ साली हिग्ज कण सापडला, सुमारे १२५ जीईव्हीचा. त्याचे आणि टॉपचे वजन एकत्र घेऊन गणित केले, तर विश्वातील पोकळी पूर्ण स्थिर आहे की नाही, याचा अंदाज करता येतो. आजची समजूत पुढेही लागू राहील असे धरले, तर टॉपचे वजन १७१ च्या आसपास उतरल्यास पोकळी पक्की; १७३ असल्यास ती कड्यावरच्या धोंड्यासारखी, कधी तरी घसरू शकेल अशी. घाबरू नका, त्याला लागणारा काळ विश्वाच्या वयाहून कितीतरी मोठा निघतो. पण धोंडा कड्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्या दीड-दोन जीईव्हींत अडकले आहे, आणि २०१५ नंतर सर्नमध्ये झालेल्या टकरींच्या नोंदी त्यासाठीच अजून चाळल्या जात आहेत.