भोपाळचे भारत भवन आणि आपले अंगण

सांचीला वंदनेला जाणारी आपली माणसे भोपाळला गाडी बदलतात, पण भारत भवन पाहायला फारसे कुणी थांबत नाही. थांबावे, असे आमचे मत आहे.

हे कलाभवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी उघडले. मुंबईत गिरणी संपाला तेव्हा २६ दिवस झाले होते. चुलीची काळजी, तिथे कलाभवनाकडे कोण बघतो!

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. तलावाकाठच्या शामला टेकडीचा उतार त्यांना मिळाला. दुसऱ्या कुणी तिथे राजवाडा उठवला असता. कोरियांनी इमारत उतारातच बसवली. वरून शिरायचे अन् गच्च्या-पायऱ्यांनी तलावाकडे उतरत जायचे. मधे खोलगट अंगणे, त्यांच्या कडेने दालने. चित्र-शिल्पांचे 'रूपंकर', कवितेचे 'वागर्थ', नाटकाचे 'अंतरंग', आणि उघड्यावरचे 'बहिरंग', तिथे तर मंचामागे तलावच. उजेड अन् वारा छतावरच्या काँक्रीटच्या टोप्यांतून येतो. मधे मोकळी जागा, कडेने खोल्या, ही रीत आपल्या लेण्यांतल्या विहारांचीच की! कोरियांनी ती तिथूनच उचलली असे आम्ही म्हणत नाही, पण लेणी पाहिलेल्याला तिथे परके वाटत नाही.

दार दरडावणारे नसले की गरीब माणूस बिचकत नाही. 'रूपंकर' उभारणाऱ्या जे. स्वामीनाथन यांनी शहरी चित्रकार आणि आदिवासी कलावंत एकाच छताखाली आणले. पाटणगढचा गोंड तरुण जनगढसिंह श्याम घराच्या भिंती रंगवायचा. तो इथे आला, आणि १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली.

हेच कोरिया १९९६ साली सरकारने गिरण्यांच्या जमिनींसाठी नेमलेल्या अभ्यासगटाचे अध्यक्ष होते. मोकळ्या जागा, घरे, रोजगार असा आराखडा त्यांनी मांडला. तो कागदावरच राहिला. २००१ साली नियम बदलला, शहराच्या वाट्याची जमीन आकसली, आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले. २०१५ साली कोरिया गेले.

आता विहाराचा प्रश्न. अंगणावर स्लॅब टाकून सांस्कृतिक हॉल करावा, अशी सूचना आहे. हॉल हवाच, पोरांना तालमीला जागा नाही. पण जलसे, भीमगीते, १४ एप्रिलची गर्दी हे सगळे अंगणानेच सांभाळले. तेव्हा खोल्या कडेने काढाव्यात, बसायला पायऱ्या कराव्यात, पावसाळ्यापुरते पत्रे घालावेत. नकाशा पक्का होण्याआधी तो विहारात लावावा, आणि बायाबापड्यांनाही विचारावे.