अंगठी, बोट आणि चाप

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस डोंबिवलीतल्या एका शाळेत शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. विषय ठरला होता चुंबकत्व. पण त्या महिन्यात ठाणे जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी दुसराच विषय होता. चहाच्या वेळी दहावीच्या एका मुलीने विचारले, "फोन मालकाचे बोट ओळखतो, मग पिस्तूल का नाही ओळखत? ओळखले असते तर हे झाले नसते ना?" प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नव्हते, म्हणून हा लेख.

आधी 'हे' म्हणजे काय ते पाहू. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात शिवसेनेचे महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी गोळ्या लागून जखमी झाले. गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. वाद जमिनीचा होता. शस्त्र त्यांच्याच परवान्याचे होते, असे बातम्यांत आले. मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, असे त्यांनी एका वृत्तवाहिनीला सांगितले. सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हा याने गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःवरही. दोघेही दगावले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते पिस्तूल नोरोन्हाचे नव्हते, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते.

दोषाचा निवाडा न्यायालयाचा. आपण फक्त शस्त्र आणि मालक यांचे नाते पाहू. दहिसरला हात परका होता. मालक ओळखणारे कुलूप असते तर चाप कदाचित अडला असता. हिललाइनला मात्र आरोप मालकाच्याच हातावर आहे. तिथे असे कुलूप निमूटपणे उघडले असते. कुलूप 'कोण?' एवढेच विचारते. 'कशासाठी?' हे विचारण्याची त्याची कुवत नाही.

कल्पना जुनीच

मुलांच्या हाती पिस्तूल लागले तरी ते उडू नये, ही खटपट एकोणिसाव्या शतकातली आहे. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८० च्या दशकात मुठीच्या मागे दाबपट्टी असलेले रिव्हॉल्व्हर काढले. मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप ओढता येत नसे. लहान मुलाच्या पंजात तेवढा जोर नसतो, हा त्यामागचा हिशेब. हे यंत्र माणूस ओळखत नव्हते, केवळ ताकद मोजत होते.

१९७० च्या दशकात चुंबकाची पाळी आली. मालकाने बोटात चुंबकाची अंगठी घालायची. तिच्या प्रभावाने मुठीतला अडसर सरकायचा. पण ही ओळख माणसाची नव्हे, अंगठीची. दुष्यंताची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असते. अंगठी हरवली आणि खरी शकुंतला परकी ठरली. उलट अंगठी चोराच्या बोटात गेली असती तर?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. निमित्त पोलिसांचे होते. झटापटीत पोलिसाचेच पिस्तूल हिसकावून त्याच्यावर चालवल्याच्या घटना तिथे घडत होत्या. पोलिसांच्या सर्व अपेक्षा पुऱ्या करील असे एकही तंत्र त्या वेळी हाती लागले नाही.

मग कायदा पुढे आला. न्यू जर्सी राज्याने २००२ मध्ये ठरवले की असे पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले, की तीन वर्षांनी राज्यात तसलीच पिस्तुले विकायची. परिणाम उलटाच झाला. २०१४ मध्ये जर्मनीच्या आर्माटिक्स कंपनीचे मनगटी घड्याळाशी रेडिओने बोलणारे पिस्तूल विकण्याची तयारी मेरीलँडमधल्या एका दुकानदाराने केली, तेव्हा सक्तीला घाबरलेल्या शस्त्रप्रेमींनी त्याला धमक्या दिल्या आणि त्याने माघार घेतली. २०१९ मध्ये तो कायदा बदलावा लागला.

विज्ञानाच्या दृष्टीने रंगतदार भाग २०१७ चा. एका तंत्रज्ञाने हेच पिस्तूल घड्याळाशिवाय उडवून दाखवले. साधन कोणते? सुमारे १५ डॉलरची चुंबके, नळीशेजारी धरलेली. रेडिओची सांकेतिक भाषा त्याला उलगडावीच लागली नाही. आतला धातूचा अडसर चुंबकाने हलला, एवढे पुरले. दुसऱ्या एका स्वस्त उपकरणाने त्याने रेडिओत गोंगाट केला, तेव्हा मालकाच्या हातातले पिस्तूलही अडून बसले. एकाच पिस्तुलाने दोन्ही चुका करून दाखवल्या. त्यानंतर २०२३ मध्ये बायोफायर या अमेरिकी कंपनीने बोटाचा ठसा आणि चेहरा दोन्ही ओळखणारे पिस्तूल जाहीर केले.

एक कळ, दोन चुका

ओळखीचे कुठलेही यंत्र दोन चुका करू शकते : परक्याला आपला म्हणणे आणि आपल्याला परका म्हणणे. ठसा किती जुळला म्हणजे 'जुळला' म्हणायचे, ही मर्यादा बनवणारा ठरवतो. ती कडक केली की पहिली चूक घटते, दुसरी वाढते. सैल केली की उलट. संवेदक सुधारला तर दोन्ही चुका कमी होतील, शून्य होणार नाहीत.

ठशांचे शास्त्र मोठे झाले ते आपल्याच देशात. विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये बंगालमध्ये करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय निघाले. वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. सप्टेंबर २०१० मध्ये देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पण या सर्व ठिकाणी हाताशी वेळ असतो. कार्यालयात तज्ज्ञ भिंग लावून बसतो. रेशन दुकानात कष्टाने झिजलेले बोट यंत्राने नाकारले तर पुसून पुन्हा ठेवता येते. तिथेही माणसाला ताटकळावे लागते, पण दुसरी संधी असते. अंधारात, घामेजल्या हाताने, समोर हल्लेखोर असताना ती मिळेलच असे नाही.

एक हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पिस्तूल १०० पैकी ९९ वेळा नीट चालते, बॅटरी ९९ वेळा साथ देते आणि संवेदक ९७ वेळा मालकाला ओळखतो. तिन्ही एकाच वेळी जमण्याची शक्यता ०.९९ × ०.९९ × ०.९७, म्हणजे सुमारे ०.९५. मूळचे अपयश शंभरात एक होते, ते पाच झाले. साखळीत कडी वाढली की साखळी बळकट होतेच असे नाही.

मग हे तंत्र टाकाऊ का? तसे आम्ही म्हणणार नाही. घरातल्या मुलाने खेळता खेळता पिस्तूल उचलले, तर असे कुलूप त्याचा जीव वाचवू शकेल. तिथे 'आपल्याला परका म्हणण्याची' चूक फारशी महाग पडत नाही. मात्र तेवढ्यासाठी पोलादी तिजोरी आणि वेगळी ठेवलेली काडतुसे हा साधा उपायही आहे. शिवाय आपल्याकडे खरी चाळणी शस्त्राच्या आधी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. शस्त्र द्यावे की नाही आणि ते का हवे, हा 'कशासाठी?'चा प्रश्न विचारणे माणसालाच शक्य आहे. ते काम संवेदकावर ढकलता येत नाही.

त्या मुलीला आम्ही उत्तर दिले नाही, एक प्रयोग दिला. तुम्हीही वर्गात करून पाहा. ठसा ओळखणारा एक फोन घ्या. मालकाने कोरड्या बोटाने २० वेळा, ओल्या बोटाने २० वेळा आणि खडूने माखलेल्या बोटाने २० वेळा प्रयत्न करायचा. मध्ये फोन अडून बसला तर सांकेतिक क्रमांकाने उघडून पुढे चालू ठेवा. किती वेळा पहिल्याच झटक्यात ओळख पटली ते फळ्यावर लिहा. मग मुलांना विचारा : एवढ्या भरवशावर तुम्ही कशाकशाला कुलूप लावाल, आणि कशाला लावणार नाही?