मेलिंग लिस्ट

मेलिंग लिस्ट म्हणजे एका सामाईक ई-मेल पत्त्यावर आलेले पत्र त्या पत्त्याशी जोडलेल्या सर्व सभासदांकडे आपोआप पोहोचविणारी व्यवस्था होय. तिचे दोन प्रकार पडतात. घोषणा-यादीत पाठविणारा एकच असतो व बाकीचे केवळ वाचक असतात. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे १९२४ मध्ये सुरू झालेले ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक जसे टपालाने वर्गणीदारांकडे जाई, तसाच हा एकमार्गी व्यवहार आहे. चर्चा-यादीत मात्र प्रत्येक सभासद लेखकही असतो आणि यादी गावच्या चावडीसारखी चालते. एरिक थॉमस यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या ‘लिस्टसर्व्ह’ या प्रणालीने सभासदांची नोंद ठेवण्याचे काम संगणकाकडे सोपविले. पुढे ‘मेजरडोमो’ व ‘मेलमन’ या प्रणाली प्रचारात आल्या. हर्मन कार्नेरो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ‘गोआनेट’ ही जगभर विखुरलेल्या गोमंतकीयांना जोडणारी यादी या दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण होय.

प्रेषकाची ओळख : १९८२ मध्ये निश्चित झालेल्या ‘एसएमटीपी’ या ई-मेल वाहतुकीच्या नियमावलीत पाठविणारा खरोखर तोच आहे की नाही, हे पडताळण्याची तरतूद नव्हती, त्यामुळे कोणालाही कोणाच्याही नावाने पत्र धाडता येत असे. या तोतयेगिरीला आळा घालण्यासाठी तीन उपाय टप्प्याटप्प्याने आले. ‘एसपीएफ’मध्ये डोमेनचा, म्हणजे पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरच्या नावाचा मालक आपली पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघतील, हे डीएनएस या इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत जाहीर करतो. ‘डीकेआयएम’मध्ये पाठविणारा सर्व्हर पत्रावर सांकेतिक सही करतो व सही केलेल्या मजकुरात नंतर फेरफार झाला, तर ती सही खोटी ठरते. २०१२ मध्ये जाहीर झालेला ‘डीमार्क’ या दोहोंवर उभा आहे : पत्राच्या माथ्यावर ‘फ्रॉम’पुढे दिसणारे डोमेन या दोहोंपैकी एकाही उपायाने सिद्ध झाले नाही, तर पत्र स्वीकारावे, स्पॅममध्ये टाकावे की नाकारावे, हे डोमेनचा मालक आधीच सांगून ठेवतो.

अडचणीचे मूळ : बारा मावळांतील देशमुखांना जाणाऱ्या शिवकालीन पत्रांत आरंभी शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उमटविण्याची रीत होती; मोर्तबामुळे पत्राखाली कोणाला नवी ओळ घुसडता येत नसे. डीकेआयएमची सही मोर्तबाचेच काम करते आणि मेलिंग लिस्ट नेमकी मोर्तबाखाली ओळ जोडते. समजा, मावळातील एखाद्या गिरिभ्रमण मंडळाच्या यादीवर याहूचा पत्ता असलेल्या सभासदाने ‘अतिवृष्टीमुळे रविवारची लोहगडाची भटकंती रद्द’ असे पत्र टाकले. यादीची प्रणाली विषयाच्या आधी चौकटी कंसात मंडळाचे नाव घालते व शेवटी सभासदत्व सोडण्याची रीत सांगणारी तळटीप लावते, त्यामुळे सही मोडते. पत्र आता यादीच्या सर्व्हरवरून निघाल्याने एसपीएफची पडताळणी झालीच तर यादीच्या डोमेनपुरती होते, माथ्यावर मात्र याहूचेच नाव असते. दोन्ही पुरावे फसल्याने घेणारा सर्व्हर पत्र नाकारतो किंवा स्पॅममध्ये लोटतो आणि निरोप न मिळालेले सभासद रविवारी सकाळी भर पावसात मळवली स्थानकावर उतरतात.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने व पाठोपाठ एओएलने आपल्या डोमेनसाठी ‘नाकारा’ हे धोरण लावले, तेव्हा जगभरच्या याद्यांत हा दोष एकदम उघड झाला. परत आलेली पत्रे मोजून बंद पडलेले पत्ते वगळण्याची याद्यांची सोयही उलटली. याहूवरून लिहिलेले पत्र जीमेलने नाकारले, की त्याची नोंद जीमेलच्या वाचकाच्या नावावर पडे आणि अशा नोंदी साचल्यावर काहीही चूक नसलेला वाचक यादीतून निलंबित होई.

उपाय : यादीचालकापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला, पत्राला हातच न लावता, म्हणजे विषयखूण व तळटीप गाळून ते जसेच्या तसे पुढे धाडणे, म्हणजे मूळ सही शाबूत राहते. दुसरा, ‘फ्रॉम’मध्ये लेखकाच्या पत्त्याऐवजी यादीचा पत्ता घालून ‘अमुक, यादीमार्फत’ असे लिहिणे व पत्रावर यादीची स्वतःची सही करणे. मेलमनमध्ये ही सोय असून तीच सर्वाधिक रूढ झाली, मात्र उत्तर एकट्या लेखकाला जाणार की सर्वांना, याचा घोळ तीमुळे वाढतो. तिसरा, २०१९ चा ‘एआरसी’ हा प्रायोगिक संकेत, ज्यात पत्र हाती आले तेव्हा पडताळणीचा निकाल काय होता, हे मधला सर्व्हर स्वतःच्या सहीने नोंदवितो; परंतु त्या मधल्यावर विश्वास ठेवणे घेणाऱ्याच्या मर्जीवर असते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क हे तिन्ही उपाय सक्तीचे केले. गूगलच्या नियमात ही मर्यादा जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पत्रे अशी असून स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राखावे लागते. छोट्या मंडळाची यादी या मर्यादेच्या आत बसत असली, तरी एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तिलाही आवश्यक आहे. घोषणा-यादीला हे नियम पाळणे सोपे जाते, कारण तेथे लेखक व प्रेषक एकच असतात. चर्चा-यादीला मात्र प्रत्येक लेखकासाठी स्वतः जामीन राहावे लागते. एका सभासदाच्या आगाऊ जाहिरातीवर वैतागून वाचकांनी स्पॅमचे बटण दाबले, तर पत बुडते ती सगळ्या यादीची.